निरंक

अंदाजपत्रकात चार ओळी होत्या.
घसरगुंडी लोखंडी, नग एक.
झोका दुहेरी, नग दोन.
सी-सॉ, नग एक.
मैदान सपाटीकरण, संपूर्ण क्षेत्र.
ढवस सरांनी चष्मा पुसला, म्हणाले,
टाका सही, मार्च संपतोय.

मला जुनी घसरगुंडी आठवत होती.
एप्रिलात साडेदहालाच तिचा तवा व्हायचा.
पहिलीतल्या पोट्ट्यांनी तिच्यावर एकदा
पाणी शिंपडून पाहिलं, चर्र वाजलं,
तेव्हापासून ते तिच्यावर मातीच्या भाकरी भाजायचे.
घसरलं मात्र कोणी नाही.

मग मी कोरे कागद वाटले.
काढा, म्हटलं, तुम्हाला कसं पाहिजे मैदान.
निम्म्यांनी टीव्हीतलं काढलं, निळंपिवळं,
पट्टीनं आखलेलं गवत.
हर्षदनं भुयार काढलं, भुयारात नदी,
नदीत त्याची म्हैस.
कुमऱ्यांच्या रोशनीनं नुसती सावली काढली.
झाड कुठाय?
"झाड येईन ना सर मंग. पयले सावली तं पाह्यजे."
आणि मंजुळा, जी हजेरीलाही फक्त मान हलवते,
तिनं कोपऱ्यात एक गड्डा काढला.
इतका गिरवला की कागद फाटला तिथे.
खाली लिहिलं:
अठी कोनाले दिसत नाई.

सोमवारी जेसीबी आला.
अफरोजभाई ढिगाऱ्यापाशी थांबला.
विहीर खोदली तेव्हाचा मुरूम तो,
वर एक बोरीचं झुडूप, दोन सरड्यांची बिळं.
"सर, लेव्हल तं इथूनच बिघडते. काढू?"
राहू द्या.
"मंग सपाट काय करू?"
मी त्याला मंजुळाचा कागद दिला.
त्यानं तो आडवा धरला, उभा धरला,
फाटल्या जागेतून माझ्याकडे पाहिलं.
मग बकेट एकदाच टेकवलं, हलक्या हातानं,
कढीतून कढीपत्ता काढावा तसं.
"गड्ड्याचं बिल लावत नाई मी," म्हणाला.

बाकीचं हळूहळू जमलं, काही जमलंच नाही.
रस्त्याच्या कामातला एक फुटका पाइप आला,
त्यात आवाज टाकला की मोठा होऊन निघतो.
बायांनी तुराट्यांचा कूड विणून दिला, वळणावळणाचा,
त्यात दुसरीचा एक मुलगा पाऊण तास हरवला
आणि बाहेर यायला तयार होईना.
वादळात पडलेल्या निंबाचं खोड तसंच आडवं ठेवलं.
डाबडुबलीला उभं झाड लागतं,
म्हणून पोरांनी आडव्याचे नवे नियम केले.
ते मला अजून कळलेले नाहीत.
खिचडीनंतर हात धुतलेलं पाणी
आम्ही चर खणून रोपांकडे वळवलं.
तिथे रोज पाऊणला धरण बांधतात,
सव्वाला ते फुटतं,
काडीकाडीचं गाव वाहून जातं,
आणि घंटा होईपर्यंत त्याचं पुनर्वसनही होतं.

रोपांपैकी अकरा मेली. सात आहेत.
मोहाचं एक गुडघ्याएवढं झालंय.
रोशनी त्याच्या सावलीत एक पाय ठेवून उभी राहते.
सध्या तेवढीच मावते.

निस्ताने साहेब तपासणीला आले, टेप घेऊन.
"खेळाचं साहित्य किती नग?"
मी म्हटलं, ढिगारा लिहा.
"ढिगारा नग नाही."
ढिगाऱ्यावर तेव्हा तेवीस मुलं होती, एक शेळीही.
साहेबांनी रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं:
निरंक.
मग बुटातली वाळू झटकली,
आणि जाताना कोणी बघत नाही असं पाहून
पाइपात तोंड घालून हळूच "ओ" केलं.

शाळा सुटल्यावर एकदा मी मंजुळाच्या गड्ड्यात उतरलो.
गुडघे मावेनात, हनुवटीला लागले.
भिंतीत तिनं कोनाडा केलाय,
त्यात गुंजा, बांगडीचा तुकडा, एक खडू.
मान वर केली.
शाळा दिसत नव्हती, फाटक नाही, झेंड्याचा खांबही नाही.
आभाळ, बोरीची एक फांदी,
आणि फांदीवरून एक खार माझ्याकडे पाहत होती,
हा कोण इथे, अशी.

मी निघालो.
खडू होता तिथेच ठेवला.